उपळीचं बारसं

मे 2025 मध्ये माझी पहिली बालकादंबरी छापून हातात आली. नायिका बारा वर्षांची चेटकीण आहे. नाव उपळी. राहते कोकणात, समुद्र आणि सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) यांच्या मधल्या एका गावात. गोष्ट लिहायला जेवढा काळ गेला त्याहून जास्त काळ ही मुलगी कुठली, कुणाची, तिला चेटकीण कोण म्हणतं आणि तिचं नाव काय, हे ठरवण्यात गेला. पुढे कॉपीराइट, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), छपाई हे सगळं आलंच. त्या दिवसांत कुणीतरी हे क्रमानं लिहून ठेवलेलं असतं तर किती बरं झालं असतं, असं सारखं वाटायचं. म्हणून लिहिते आहे.

मी वेंगुर्ले तालुक्यात राहते आणि गावच्या वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळते. फेब्रुवारी 2024 मध्ये मुलांना चेटकिणीचं चित्र काढायला सांगितलं होतं. प्रत्येक कागदावर टोकदार टोपी, झाडू, काळं मांजर आणि धुराडं असलेलं घर. आमच्या गावात धुराडं एकाही घराला नाही. मुलांचा यात काही दोष नाही, त्यांनी जे पाहिलं ते काढलं. पण त्यांच्याच विहिरीवर पाणी भरणारी, त्यांच्याच परड्यात, म्हणजे घरामागच्या वाडीत, बिंबलं ही आंबट फळं पाडणारी एखादी चेटकीण त्यांना मिळायला हवी, हे त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं.

मार्चभर वाचन केलं. ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्यानं जमवलेल्या टिपणांवरून आर. ई. एन्थोवेन यांनी 1915 मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचा एक खंड छापला. हे जॅक्सन म्हणजे 1909 साली नाशिकला अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या तेच कलेक्टर. टिपणं पाठवणारे बरेचसे गावोगावचे शाळामास्तर. कुठल्या गावच्या मास्तरांनी काय कळवलं हेही जागोजागी दिलेलं आहे. खंड इंग्रजीत आहे, पण इंटरनेटवर फुकट मिळतो. कोकणावर काही लिहायचं असेल तर तो डोळ्यांखालून घालाच.

वाचताना एक गोष्ट मनाला फार लागली. हडळ, जाखीण, लांव या सगळ्या मेलेल्या बायका. कुणी बाळंतपणात गेलेली, कुणी इच्छा मनात ठेवून गेलेली. जिवंतपणी त्यांचं काय झालं ते कुठेच नाही, मेल्यावर त्या कुणाला धरतात तेवढंच आहे. माझी मुलगी जिवंत हवी होती. म्हणून ही सगळी नावं बाजूला ठेवली. डाकीण हा शब्द तर वहीत लिहिलासुद्धा नाही. नंदुरबारकडे, सातपुड्यात, हा शब्द चिकटवून खऱ्या बायकांना मारहाण झालेली आहे, गावाबाहेर काढलेलं आहे. चेटकीण हा शब्द निदान आजीच्या गोष्टीत राहून थोडा मऊ झालेला आहे, म्हणून तो ठेवला.

पण भीती गेली नव्हती. एखादी बाई वाचून म्हणाली की हे माझ्यावर लिहिलंय, किंवा त्याहून वाईट, गावात कुणी दुसऱ्या बाईकडे बोट दाखवून म्हणालं की ही बघा गोष्टीतली, तर काय करायचं? एप्रिलमध्ये मी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा ऑगस्ट 2013 मध्ये पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. शेवटी जोडलेल्या अनुसूचीत बारा कलमं आहेत. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, मंत्रानं गुरांचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा तिथे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड 5,000 ते 50,000 रुपये. कायदा मराठीत आहे, छोटा आहे, वकिलाशिवाय कळतो.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या एका कार्यकर्तीशी फोनवर बोलले. गोष्ट लिहायला कायद्याची आडकाठी नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला एकच विचारलं: तुमच्या गोष्टीत तिला चेटकीण कोण ठरवतं? ती स्वतः म्हणते, की गाव म्हणतं? त्या प्रश्नावर मी पुष्कळ दिवस काढले. तिची सगळी पार्श्वभूमी त्यातूनच सुटत गेली.

उपळी पायाळू आहे. म्हणजे पायाकडून जन्मलेली. आपल्याकडे पायाळू माणसाबद्दल किती समजुती आहेत! त्याला जमिनीतलं पाणी कळतं, गुप्तधन दिसतं, वीज त्याच्याकडे ओढली जाते, कुणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळूनं पाय लावावा म्हणजे उतरते. माझ्या लहानपणी शेजारच्या एका काकांना लोक उसणीसाठी बोलवायला यायचे आणि ते हातातली कामं टाकून जायचे. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणात शंभरात तीन-चार बाळं अशी पायाकडून नाहीतर बसल्या अंगानं येतात. म्हणजे कुठल्याही गावात दोन-चार पायाळू माणसं असतातच. माझ्या दृष्टीनं ही फार सोयीची गोष्ट होती, कारण हे लक्षण एकाच बाईकडे बोट दाखवत नाही.

तर गावाला वाटतं हिला पाणी दिसतं. तहान लागते तेव्हा सगळे तिच्या दारात येतात, आणि विहीर आटली की तिनंच आटवली म्हणतात. चेटकीण हे नाव तिला गावानं दिलेलं आहे. बाराव्या वर्षी ती ते नाव उचलते आणि म्हणते, बरं, मग चेटकीण काय करते ते बघाच.

मे महिन्यात आमच्या विहिरीनं तळ गाठला. आमच्याकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. पडलेलं पाणी थांबतच नाही. उपळीची जादू मला या इथेच हवी होती. ती मंत्र म्हणत नाही, ती बघते. उन्हाळ्यातही कुठलं झाड हिरवं राहतं, वारूळ कुठे आहे, पहाटे धुकं कुठे जास्त रेंगाळतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक अख्खा अध्याय भूजलावर लिहिला आहे. जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष (हात वर केलेल्या दोन माणसांच्या उंचीएवढ्या) खोलीवर गोड पाणी लागतं, असे आडाखे त्यात आहेत. आजचं शास्त्र यातलं किती मान्य करेल हा वेगळा विषय, पण माणूस जमिनीकडे इतकं निरखून बघत होता हेच मला मोलाचं वाटलं. आणि आमच्या सिंधुदुर्गात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. देवळात गाभाऱ्यातच वारूळ असतं. वारूळ, पाणी आणि देवी या तीन गोष्टी मला एका जागी मिळाल्या.

मोह अर्थातच झाला की मुलीचं नाव सातेरीवरूनच ठेवावं. पण ते केलं नाही. ती गावाची देवता आहे, लोक तिला गाऱ्हाणं घालतात. तिचं नाव चेटकीण म्हणवल्या जाणाऱ्या मुलीला देणं मला स्वतःलाच सहन झालं नसतं.

याच सुमारास मी माझ्या आत्याला सगळी गोष्ट सांगितली. ती ऐंशीच्या पुढे आहे. पायाळू, पाणी, गाव, कायदा, सगळं तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ता सगळां रवांदे गो बाय. तिका आवस आसा मां? आणि तिचां नाव कोणी ठेवल्यान?” आवस म्हणजे आई.

या प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. बारशाला नाव आत्या ठेवते. गोविंद घ्या, गोपाळ घ्या होतं, आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते आणि नाव सांगते. म्हणजे नाव आभाळातून पडत नाही. कुणीतरी एक बाई, तिच्या ऐपतीनं आणि तिच्या भाषेत, पाळण्यावर वाकून ते ठेवते. ती बाई कोण हे ठरल्याशिवाय नाव सुचणारच नव्हतं. मी ठरवलं की उपळीच्या बापाला बहीण नाही. बाळंतपण केलेल्या वैजिणीनंच तिचं नाव ठेवलं. आणि हो, तिला आई आहे. गोष्टीच्या शेवटच्या पानापर्यंत आहे. अनाथ मुलीवर संकटं आणणं सोपं असतं. आई घरात असताना मुलीला गाव असं बोलतं तेव्हा त्या आईचं काय होतं, हे मला लिहायचं होतं.

वैजीण कसं नाव ठेवेल? हे बघायला मी शाळेची जुनी जनरल रजिस्टरं बघितली. मुख्याध्यापकांची रीतसर लेखी परवानगी घेतली, अर्जात कारण लिहिलं, आडनावं आणि जन्मतारखा उतरवून घेणार नाही हेही लिहून दिलं. खर्च शून्य, पण धुळीसाठी तोंडाला रुमाल न्या. जुन्या पानांवर दगडू, धोंडू, केरू, धोंडी अशी नावं ओळीनं भेटतात. आधीची मुलं दगावली की पुढच्याला असं नाव ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही, काळ उचलून नेणार नाही. आईबापांनी किती घाबरून, किती मायेनं ही नावं ठेवली असतील! नकुशी मात्र या ओळीतलं नाव नव्हे, ते नाव मुलगीच नको म्हणून ठेवलेलं. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींची नावं समारंभ करून बदलली होती. तेव्हा माझ्या मुलीचं नाव ओबडधोबड असलं तरी चालेल, पण नकोशेपणाचं नको, एवढं नक्की झालं.

दुसरी अट होती की आसपासच्या गावांत त्या नावाची जिवंत बाई असता कामा नये. भागीरथी आणि तिचं भागी हे नाव मला मनापासून आवडलं होतं, पाण्याचंही होतं. पण आमच्या पंचक्रोशीत भागीरथी नावाच्या आज्या आहेत. 7 मे 2024 ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे मतदार याद्या त्या काळात सहज बघायला मिळत होत्या. एरवीही राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदान केंद्रानुसार मिळतात. मी घेतलेल्या फाइलमध्ये नाव टाइप करून शोधता येत नव्हतं, पान पान डोळ्यांनी वाचावं लागलं. यादीत अठराच्या खालची मुलं नसतात, त्यासाठी अंगणवाडी सेविकेला विचारा. तिला प्रत्येक पाळण्यातलं नाव पाठ असतं.

जूनमध्ये मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागला तेव्हा मिरगी हे नाव सुचलं होतं. एका डॉक्टर मैत्रिणीनं आठवण करून दिली की हिंदीत ते फेफऱ्याचं नाव आहे, मुलं चिडवतील. गेलं. आडनाव द्यायचंच नाही हे आधीच ठरलं होतं, कारण कोकणात आडनाव सांगितलं की वाडी कळते आणि वाडी कळली की जात कळते. गावालाही नाव दिलं नाही.

नाव मिळालं आषाढात. आमचं मागचं घर अजून मातीचं आहे, शेणानं सारवलेलं. चार-पाच दिवस पावसानं उघडीप दिली नाही की त्या घरात उपळ फुटतात. आधी जमीन नुसती काळपट दिसते. मग भिंतीच्या कडेला, चुलीच्या मागे, घामासारखे थेंब वर येतात. बोट लावलं तर पाणी थंड लागतं आणि स्वच्छ असतं, माती खालीच राहते. तासाभरात थेंबाथेंबाची धार होते. मग जमिनीत बोटभर चर काढून ती धार उंबऱ्याखालून अंगणात सोडायची, आणि पोती अंथरायची. त्या दिवशी मी चर काढत होते, आणि मला दिसलं की उपळी अशाच रात्री जन्मली. बाळंतिणीच्या खोलीत जमिनीतून पाणी येतंय, बाहेर वहाळ चढलाय, दवाखान्यात नेता येत नाही, आणि बाळाचे आधी पाय आले. वैजीण एका हातानं बाळ सावरते आहे आणि पायानं पोतं सरकवते आहे. बाराव्या दिवशी तिला नाव विचारलं तर ती दुसरं काय सांगणार? हात चिखलानं भरलेले होते म्हणून नाव मनातच ठेवलं, संध्याकाळी वहीत लिहिलं: उपळी.

यादीत नव्हतं. अंगणवाडीत नव्हतं. रजिस्टरांतही नव्हतं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, “मागल्या परड्यात जा नि हाक मारून बघ.” मी गेले आणि मोठ्यानं ओरडले, “गो उपळेऽऽ!” शेवटचा स्वर ताणता येतो, वाऱ्यात विरत नाही. पात्राचं नाव ठेवणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला सांगेन. कागदावर छान दिसणारी कितीतरी नावं हाकेला टिकत नाहीत.

गणपतीत मुंबईची मुलं गावी आली तेव्हा पहिली दोन प्रकरणं गावच्या आणि मुंबईच्या मुलांना एकत्र बसवून वाचून दाखवली. मुंबईच्या एका मुलीनं विचारलं, तिचं खरं नाव काय आहे? गावचा एक मुलगा लगेच म्हणाला, हेच खरं. त्यावर त्यांचं बराच वेळ चाललं, मी मध्ये पडले नाही. दिवाळीनंतर मसुदा पूर्ण झाला.

आता कागदपत्रांचा भाग. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून आपोआप लेखकाचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. नुसत्या नावाला किंवा शीर्षकाला मात्र कॉपीराइट मिळत नाही, गोष्टीला मिळतो. तरी नोंदणीचा कागद वादाच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडतो, म्हणून डिसेंबरमध्ये मी ऑनलाइन अर्ज केला. फॉर्म क्रमांक चौदा, साहित्यकृतीसाठी शुल्क 500 रुपये. भरल्यावर डायरी नंबर मिळतो, तो लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर चालतं. मग कुणाला आक्षेप घ्यायचा असेल तर त्यासाठी 30 दिवस थांबावं लागतं, त्यानंतर तपासणी. हा काळ जीव खातो, रोज स्थिती बघण्यात अर्थ नसतो. आतली चित्रं दुसऱ्या कुणी काढली असतील तर त्यांचं ना हरकत पत्र सही-तारखेसह आधीच घेऊन ठेवा. माझी चित्रं काढणारी मुलगी कुडाळची, तिनं टोपीशिवायची चेटकीण काढायला आनंदानं होकार दिला. तिचं मानधन 8,000 रुपये.

दोन प्रकाशकांकडे मसुदा पाठवला होता. एकाकडून उत्तर आलं नाही. दुसऱ्यांनी नाव बदलून काहीतरी गोड ठेवा असं सुचवलं. मी एक रात्र विचार केला आणि नाही म्हटलं. त्या नावासाठी मी जे केलं होतं ते त्यांना पत्रात कसं सांगणार होते? मग स्वतःच छापायचं ठरवलं. वाईट वाटलं, पण निर्णय झाल्यावर झोप लागली.

आयएसबीएन भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी हे काम बघते, अर्ज ऑनलाइन होतो आणि लेखक स्वतः प्रकाशक असेल तरी करता येतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मुखपृष्ठ आणि शीर्षकपान लागतं. पैसे घेऊन नंबर मिळवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. नंबर हातात येईपर्यंत मागचं मुखपृष्ठ छपाईला देऊ नका, बारकोड त्यावरच येतो. मला फेब्रुवारीत अर्ज केल्यावर मार्चअखेर नंबर मिळाला.

छपाई कोल्हापूरला केली. 96 पानं, आत काळी-पांढरी चित्रं, 300 प्रती, जुळणी आणि वाहतूक धरून सुमारे 31,000 रुपये. किंमत 140 ठेवली. मुद्रितशोधन मोठ्यानं वाचत केलं. मालवणी संवादांत तर ते फार गरजेचं होतं, कारण जुळणी करणाऱ्यांनी “आवशीक” दिसेल तिथे “आईला” करून ठेवलं होतं.

पुस्तक आल्यावर एक काम बरेच लेखक-प्रकाशक करत नाहीत, ते मी मुद्दाम सांगते. 1954 च्या ग्रंथवितरण कायद्यानुसार प्रकाशनापासून 30 दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ठरवून दिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. मी चारही पाकिटं एकाच दिवशी पोस्टात टाकली. पावत्या पुस्तकाच्या फाइलीत लावा, पोच आली की तीही तिथेच लावा. पाकिटावर पुस्तकाचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्ही लिहा, म्हणजे चेन्नईत पाकीट उघडणाऱ्यालाही ते वाचता येईल.